समोरून सारखा डिपर मिळतोय? बल्ब बदलण्याआधी हेडलाइटचा फोकस बघा

रात्री रस्ता दिसत नाही म्हणून गाडी गॅरेजमध्ये आली, की बहुतेकांची पहिली मागणी असते, ‘जास्त पॉवरचा बल्ब टाका.’ आम्ही आधी गाडी भिंतीसमोर उभी करतो. बऱ्याचदा बल्ब ठणठणीत असतो, उजेड भलतीकडे पडत असतो.

ही तपासणी घरीही जमते. टायरमध्ये हवा बरोबर हवी, डिकी रिकामी आणि जमीन सपाट. ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवा आणि स्टिअरिंगजवळचं ० ते ३ आकड्यांचं चाक असेल तर ते ० वर ठेवा. गाडी भिंतीला भिडवून प्रत्येक दिव्याच्या मध्यासमोर भिंतीवर चिकटपट्टीची खूण करा, मग सरळ ५ मीटर मागे घ्या आणि डिपर (म्हणजे लो बीम) लावा. उजेडाची वरची कड खुणेच्या साधारण ५ सेंमी खाली दिसली पाहिजे. (बऱ्याच दिव्यांवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर १.०% असं छापलेलं असतं, ते हेच: दर मीटरला १ सेंमी उतार. तिथे वेगळा आकडा असेल तर तो धरा.) ही कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे चढती असते, कारण आपण डावीकडून चालवतो. कडेचा सायकलवाला दिसावा आणि समोरच्याचे डोळे वाचावेत, एवढाच त्यामागचा हिशेब. उजवीकडून चालणाऱ्या देशातला दिवा स्वस्तात मिळाला तरी बसवू नका, त्याचा चढ नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पाच सेंटिमीटरने काय होतं? दिवा जमिनीपासून ६५ सेंमीवर असेल आणि कड खुणेच्या खाली नसून ५ सेंमी वर असेल, तर ४५ मीटरवर ती ११० सेंमी उंची गाठते. कार चालवणाऱ्याचे डोळे साधारण तिथेच असतात.

फिरवायचे स्क्रू बोनेट उघडल्यावर दिव्याच्या मागे दिसतात, एक वर-खाली करणारा, एक डावी-उजवीकडे नेणारा. एका वेळी अर्धाच आटा फिरवा आणि भिंतीकडे बघा. फोकस आपोआप वर-खाली होणाऱ्या गाड्यांना मात्र घरी हात लावू नका.

एका गाडीचे बल्ब दोनदा बदलून झाले होते, तरी डावा दिवा झाडावर चमकायचा. बल्बच्या तीन कानांपैकी एक खाचेत बसलाच नव्हता. बल्ब काढून नीट बसवला, स्क्रूला हातही लावावा लागला नाही.

हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब घातला तर फोकस कितीही फिरवा, कड फाटकीच राहते. आतला आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. आम्ही असे बल्ब बसवून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी. काच पिवळी पडली असेल तर आधी ती घासून घ्या.

बंपरला धक्का बसला, दिवा बदलला किंवा स्प्रिंग नवी टाकली, की फोकस पुन्हा बघावा लागतो. गावाला जाताना डिकी भरली तर पुढचं तोंड वर होतं, तेव्हा स्टिअरिंगजवळचं तेच चाक १ ते ३ कडे न्या आणि परत आल्यावर आठवणीने ० वर आणा.

दाखवायला येताना डिकी रिकामी करून या. काम वीसेक मिनिटांचं आहे, दिवेलागणीला आलात तर भिंतीवरची कड तुम्हालाही दाखवता येईल.