लाल दिवा लुकलुकत राहिला

पद्मिनीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि किल्ली फिरवली. सेल्फमधून, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरमधून, नुसतं ‘टक’ ऐकू आलं. आषाढात झाकून ठेवलेली गाडी थेट दसऱ्याला उघडली होती. बॅटरी पार उतरलेली. डॅशबोर्डवरचा अलार्मचा लाल दिवा मात्र अजून मंद लुकलुकत होता. बॅटरी त्यानेच प्यायली होती.

दिवा एकटा नव्हे, त्यामागचं मागाहून बसवलेलं इमोबिलायझरही, म्हणजे चोराला गाडी सुरू करू न देणारं यंत्र. रिमोटच्या हाकेची वाट पाहत ते रात्रंदिवस जागं असतं. पुढे मल्टिमीटर लावून पाहिलं, तर गाडी बंद असताना २० मिलिअँपिअर जात होते. म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यावर सत्तर दिवसांत रिकामी होते. शिवाय काही न जोडताही बॅटरी हळूहळू उतरतेच, उष्ण हवेत जास्तच.

शेजारची मुलं धक्का मारायला पुढे आली, पण मी त्यांना थांबवलं. आमच्या गाडीत ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलच्या वायरमध्ये इमोबिलायझरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आहे. त्याला वीज मिळाली तरच जोड जुळतो, एरवी तो तुटलेलाच. चोराने अलार्मची वायर कापली तरी गाडी हलू नये, म्हणून ही रचना. त्यामुळे बॅटरी उतरली की रिले तुटलेला, कॉइलला वीज नाही, ठिणगी नाही, कितीही ढकला.

बॅटरी अर्धवट उतरलेली असली तर दुखणं ओळखणं आणखी अवघड. मीटरवर १२ व्होल्ट दिसतात, सेल्फही फिरतो, पण इंजिन पकडत नाही. सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि इमोबिलायझरचं सर्किट बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. रिले सुटतो. लोक प्लग आणि कार्ब्युरेटर साफ करत बसतात.

उतरलेल्या बॅटरीत नेमकं काय होतं? वीज देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ते ताजं असताना कण बारीक असतात आणि चार्जिंग करताना सहज विरघळतात. आठवडे उलटले की बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर बसतात आणि खडीसाखरेसारखे टणक खडे तयार होतात. खडा मोठा, तर आम्लाला भिडणारा पृष्ठभाग कमी. अशा बॅटरीत जोराने वीज कोंबली, तर खडे विरघळण्याऐवजी पाण्याचं विघटन होतं, बॅटरी तापते आणि हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटू शकतो. म्हणूनच दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेताना (यालाच जम्प देणं म्हणतात) जम्पर केबलचा शेवटचा चिमटा बॅटरीवर न लावता लांब, इंजिनच्या उघड्या धातूला लावतात. तसा जम्प देता आला असता, पण पार उतरलेली बॅटरी भरण्याचं काम गाडीच्या चार्जिंगवर टाकणं मला पटत नाही.

मी आधी निगेटिव्ह वायर सोडली. उलट क्रमाने सोडताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. बॅटरीची झाकणं उघडली. दोन सेलमध्ये, म्हणजे आतल्या कप्प्यांत, पाणी प्लेटांच्या जेमतेम वर होतं. दीड अँपिअरवर, खिडक्या उघड्या ठेवून, रात्रभर चार्जिंग केलं. मग साडेतीन अँपिअरवर दिवसभर. शेवटी डिस्टिल्ड वॉटर भरलं. सहाही सेलमधून बारीक बुडबुडे येऊ लागले, तेव्हा जिवात जीव आला. चार्जर काढून बॅटरी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मीटर १२.५ दाखवत होता. तो १०.५ वर अडकला असता, तर एक सेल गेला असं समजलो असतो, कारण सहा सेलपैकी प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट असतात. तशी बॅटरी पुन्हा उठत नाही.

वायरी जोडताच सायरन किंचाळला. वीज परत आली की आमचं इमोबिलायझर पहाऱ्याच्याच अवस्थेत जागं होतं. रिमोट दाबला, लाल दिवा विझला. चोक ओढून किल्ली फिरवली आणि तिसऱ्या झटक्याला इंजिनाने पकडलं. बॉनेटवरचा झेंडू तोवर सुकला होता.

आता निगेटिव्ह टर्मिनलवर पितळी कट-ऑफ स्विच बसवला आहे. पावसाळ्यात गाडी झाकण्याआधी तो अर्धा फेरा फिरवतो.