रेघ की गोळा: वैश्विक न्यूट्रिनोंचा फ्लेवर आणि उगम शोधण्यामागची पार्श्वभूमी

न्यूट्रिनो हा पदार्थाशी क्वचितच धडकणारा अतिशय हलका कण. इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ असे त्याचे तीन प्रकार आहेत, त्यांनाच फ्लेवर म्हणतात. त्याच्यावर विद्युतभार नसतो. चुंबकीय क्षेत्रे त्याला वळवू शकत नाहीत, त्यामुळे तो उगमापासून सरळ रेषेत येतो. पण तो टिपायचा कसा? 1960 मध्ये सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ मॉइसे मार्कोव्ह यांनी सुचवले, की खोल पाण्यात प्रकाशशोधक सोडावेत आणि न्यूट्रिनोच्या धडकेतून सुटलेल्या भारित कणांचा निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश मोजावा. याच कल्पनेवरचा हवाई बेटांजवळचा ड्युमंड प्रकल्प समुद्रातल्या अडचणींपुढे टिकला नाही. 1995 मध्ये तो गुंडाळावा लागला.

पाण्याऐवजी बर्फ वापरणाऱ्या अमांडा प्रकल्पाचे पहिले शोधक दक्षिण ध्रुवावर 800 ते 1000 मीटर खोलीवर बसवले. तिथल्या बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांनी प्रकाश इतका विखुरला, की कणाची दिशा काढता येईना. सुमारे 1400 मीटरच्या खाली दाबामुळे हे बुडबुडे विरून जातात. म्हणून तिथेच डिसेंबर 2010 मध्ये पूर्ण झालेल्या आइसक्यूब या न्यूट्रिनो वेधशाळेचे 5160 शोधक 86 तारांवर 1450 ते 2450 मीटर खोलीवर आहेत.

खरी ओढाताण पुढेच आहे. म्यूऑन न्यूट्रिनोच्या धडकेतून निघालेला म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, कित्येक किलोमीटर जातो आणि लांब रेघ उमटवतो. तिच्यावरून दिशा एका अंशाच्या आत कळते, पण ऊर्जेचा अंदाज ढोबळ राहतो. इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोमुळे प्रकाशाचा गोळा दिसतो. त्यात ऊर्जा नीट मोजली जाते, दिशा मात्र साधारण 10 अंशांनी चुकू शकते. त्यात भर म्हणजे, कोणत्याही फ्लेवरचा न्यूट्रिनो स्वतः न बदलता अणुकेंद्राला धडकून निघून गेला, तरी गोळाच दिसतो. म्हणून एकट्या गोळ्यावरून फ्लेवर ठरवणे धोक्याचे.

टाऊ न्यूट्रिनोची खूण 1995 मध्ये लर्नेड आणि पाकवासा यांनी सांगितली: धडकेचा एक गोळा, आणि धडकेतून निघालेला टाऊ हा आणखी जड कण विघटित होतो तिथे दुसरा. 1 पीईव्ही, म्हणजे एकावर 15 शून्ये इतके इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचा टाऊ सरासरी 50 मीटर जातो. तारांमधले अंतर 125 मीटर, त्यामुळे दोन गोळे बहुधा एकमेकांत मिसळतात. 2024 मध्ये आइसक्यूबने असे सात उमेदवार जाहीर केले.

टाऊचा एवढा अट्टहास गुणोत्तरासाठी आहे. उगमापाशी तयार होणाऱ्या पायॉन या अल्पायुषी कणांच्या विघटनातून निघालेल्या इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ न्यूट्रिनोंचे प्रमाण 1:2:0 असते. वाटेत फ्लेवर बदलत पृथ्वीपाशी ते साधारण 1:1:1 होते. उगमापाशी चुंबकीय क्षेत्र प्रबळ असेल, तर म्यूऑन विघटनाआधीच ऊर्जा गमावतात, आणि हे प्रमाण किंचित सरकते. म्हणजे फ्लेवर हाही उगमाचाच पुरावा आहे, पण त्यासाठी घटना पुष्कळ लागतात.

दिशेच्या बाजूने पहिले मोठे यश 22 सप्टेंबर 2017 चे: सुमारे 290 टीईव्हीच्या (1 पीईव्ही म्हणजे 1000 टीईव्ही) न्यूट्रिनोची रेघ टीएक्सएस 0506+056 या ब्लेझारकडे, म्हणजे जिच्या कृष्णविवरातून निघालेला कणांचा झोत आपल्याकडे रोखलेला आहे अशा दीर्घिकेकडे, बोट दाखवत होती, आणि तो तेव्हा गॅमा किरणांतही उफाळलेला होता. 2022 मध्ये एनजीसी 1068 या दीर्घिकेच्या दिशेने सुमारे 79 न्यूट्रिनोंचे आधिक्य सापडले. 2023 मध्ये आकाशगंगेचे प्रतल दिसले, तेही गोळ्यांतून: दक्षिण आकाशातून येणाऱ्या, पृथ्वीच्या वातावरणातच तयार झालेल्या म्यूऑनच्या रेघांचा गोंधळ गोळे निवडल्याने पुष्कळ टळतो, आणि मशीन लर्निंगने त्यांची दिशा आधीपेक्षा नेमकी काढता आली. फेब्रुवारी 2023 मध्ये भूमध्य समुद्रातल्या केएम3नेट या न्यूट्रिनो दुर्बिणीने सुमारे 220 पीईव्हीचा न्यूट्रिनो टिपला. ती रेघच होती. दिशा दीड अंशापर्यंत कळली, त्या वर्तुळात अनेक ब्लेझार आहेत, पण एकाकडेही खात्रीने बोट दाखवता आलेले नाही.