पार्श्वभूमी: पुण्यात पाणी, सावली आणि कचरा कुणाच्या वाट्याला?

पुण्यात आधी पाण्याची वाटणी जातीवरून झाली. ओढे, झाडं आणि कचरा पुढे बऱ्याच अंशी त्याच वाटेने गेले.

अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. वाटेत ठिकठिकाणी हौद होते. पाणी निव्वळ उताराने वाहायचं. बांधकाम म्हणून ही व्यवस्था आजही थक्क करते. मात्र अस्पृश्य ठरवलेल्या जातींना शहरातल्या सार्वजनिक हौदांवर पाणी भरायची बंदी होती. त्यांची घरं मुख्यतः पूर्वेला, नागझरीपलीकडे मंगळवार पेठेत आणि गंज पेठेच्या बाजूला. याच गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात खडकवासल्याच्या धरणाइतकंच मोल मी या हौदाला देईन.

पेशवाईतच आंबिल ओढ्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवून मुठेत सोडला गेला. पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं, ते आजच्या सारसबागेच्या जागी, आणि ओढ्यातून सुटलेल्या जमिनीवर पेठा वाढल्या. वळवलेल्या ओढ्याच्या काठी विसाव्या शतकात कष्टकऱ्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून आलेल्या अनेक भूमिहीन कुटुंबांना घर बांधायला उरलं होतं ते ओढ्याचा काठ नाहीतर टेकडीचा उतार. पर्वतीच्या अंगावरची जनता वसाहत तशीच वाढली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुटून वाहिला, तेव्हा अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. जून २०२१ मध्ये प्रवाह सरळ करण्यासाठी दांडेकर पुलाजवळची घरं पाडायला सुरुवात झाली आणि न्यायालयाला स्थगिती द्यावी लागली. ओढ्यात घरं कशाला बांधली, असं या लोकांना विचारणं मला अन्यायाचं वाटतं. शहराने त्यांच्यासाठी कोरडी जागा ठेवलीच कुठे होती?

कॅम्पाची गोष्ट वेगळी. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी लष्करासाठी छावणी वसवली. ऐसपैस आवारांतले बंगले, रुंद रस्ते, दुतर्फा झाडं. तिथली सावली अजून बरीच टिकून आहे. धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते आणि खायला वड-उंबराची फळं. दहा बाय दहाच्या खोल्यांच्या वस्तीत असं झाड वाढणार कुठे? तिथे पत्रा तापतो आणि रात्रीही लवकर निवत नाही.

कचऱ्याचंही तेच. डेपो पूर्वी कोथरूडला, पौड रस्त्यालगत होता. कोथरूड मध्यमवर्गाचं उपनगर झालं आणि शहराचा कचरा पूर्वेला उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे जाऊ लागला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. इकडे शहरात कचरा वेचत होत्या त्या बहुतांशी दलित बायका. १९९३ मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था, आणि त्या घरोघरचा कचरा उचलू लागल्या. भंगारात विकण्याजोगं जे जे त्या वेगळं काढतात, ते डेपोवर जातच नाही.