व्हर्जिनियाची सर्वसाधारण सभा (१६१९)

उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमधील पहिली निर्वाचित प्रतिनिधिसभा. ती जेम्स नदीकाठच्या जेम्सटाउन येथे ३० जुलै ते ४ ऑगस्ट १६१९ या काळात भरली. या तारखा जुन्या, म्हणजे ज्यूलियन कालगणनेच्या आहेत. आजच्या कालगणनेत त्या दहा दिवस पुढे जातात. अनेक ग्रंथांत या सभेला ‘हाउस ऑफ बर्जेसेस’ म्हटलेले आढळते, पण १६१९ पुरते ते नाव काटेकोर नाही. त्या वेळी गव्हर्नर, त्याचे सल्लागार आणि वस्त्यांनी निवडून पाठविलेले ‘बर्जेस’ हे सारे एकत्रच बसत. बर्जेसांचे वेगळे सभागृह विल्यम बर्कली गव्हर्नर असताना, १६४३ च्या सुमारास अस्तित्वात आले.

वसाहतीचा प्रारंभ व्यापारी होता. पहिल्या जेम्स राजाने १० एप्रिल १६०६ रोजी दिलेल्या सनदेच्या आधारे लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने तीन जहाजे पाठविली आणि मे १६०७ मध्ये सुमारे १०४ पुरुष व मुलगे जेम्सटाउनच्या दलदलीच्या बेटावर उतरले. स्थानिक मंडळाने आपल्यातूनच अध्यक्ष निवडण्याची मूळ व्यवस्था भांडणांमुळे टिकली नाही. १६०९ च्या दुसऱ्या सनदेने ती मोडून सर्व सत्ता गव्हर्नरकडे दिली. १६०९-१० च्या उपासमारीच्या हिवाळ्यात जेम्सटाउनमध्ये जेमतेम साठ माणसे उरली. त्यानंतर टॉमस गेट्स व टॉमस डेल यांनी लष्करी शिस्तीचे कायदे लागू केले. त्यांनुसार माणसांनी नगाऱ्याच्या तालावर कामाला जायचे आणि सुटायचे, आणि बागेतून चोरी केल्यासही देहान्त शिक्षा होऊ शकत असे. या शिस्तीने वसाहत तगली, पण तिकडे जाण्यास नवे लोक तयार होईनात. कंपनीची खरी अडचण हीच होती. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास आरंभिलेल्या तंबाखूच्या लागवडीमुळे विकण्याजोगे पीक मिळाले होते. आता कसणारे हात हवे होते.

सभेला अधिकार नेमका कोणत्या दस्तऐवजाने मिळाला, हा प्रश्न अभ्यासकांना दीर्घकाळ अडवून बसला आहे. ‘महासनद’ या भारदस्त नावाने ओळखला जाणारा १८ नोव्हेंबर १६१८ चा कागद प्रत्यक्षात कंपनीने नवा गव्हर्नर जॉर्ज यर्डली यास दिलेले सूचनापत्र आहे. त्यात मुख्यतः जमिनीची व्यवस्था आहे : जुन्या वसाहतकऱ्यांना शंभर एकर, आणि यापुढे स्वखर्चाने येणाऱ्यास किंवा दुसऱ्याचे भाडे भरून त्याला आणणाऱ्यास माणशी पन्नास एकर. प्रतिनिधिसभा भरविण्याचा आदेश ज्या स्वतंत्र आज्ञापत्रात असावा, ते उपलब्ध नाही. त्याच्या मजकुराचे अनुमान २४ जुलै १६२१ रोजी फ्रान्सिस वायट या पुढच्या गव्हर्नरसाठी काढलेल्या अध्यादेशावरून केले जाते. या अध्यादेशानुसार प्रत्येक नगर, ‘हंड्रेड’ (वसाहतीचा एक विभाग) व स्वतंत्र मळा यांतील रहिवाशांनी दोन-दोन बर्जेस निवडावेत, निर्णय बहुमताने व्हावा आणि गव्हर्नरला नकाराधिकार असावा. मात्र १६२१ ची प्रत्येक तरतूद १६१८ सालीही तशीच होती, असे मानणे धाडसाचे ठरेल.

याच्याशी दुसरा वाद निगडित आहे. काही लेखक या सभेत इंग्लंडच्या पार्लमेंटची छोटी प्रतिकृती पाहतात, तर काहींच्या मते तिचा नमुना कंपनीच्या भागधारकांची त्रैमासिक सभा हा होता. ‘सर्वसाधारण सभा’ हे नाव आणि ठराव लंडनच्या भागधारकांकडून मंजूर करून घेण्याची अट पाहता दुसरे मत चौकटीपुरते अधिक ग्राह्य वाटते. कामकाजाची पद्धत मात्र निःसंशय पार्लमेंटची होती, कारण सभापतिपदी बसलेला वसाहतीचा चिटणीस जॉन पोरी हा स्वतः कॉमन्स सभेचा माजी सदस्य होता.

सभेसाठी सोयीची जागा म्हणून चर्चचा वेदीकडील भाग निवडण्यात आला. हे लाकडी चर्च पन्नास फूट लांब व वीस फूट रुंद होते. गव्हर्नर आपल्या नेहमीच्या आसनावर, सल्लागार त्याच्या दोन्ही बाजूंना व पोरी समोर बसला. रिचर्ड बक या पाद्र्याने प्रार्थना केल्यावर बर्जेसांना चर्चच्या मुख्य भागात जाण्यास सांगण्यात आले. मग एकेकाचे नाव पुकारून, राजाच्या सर्वोच्चतेची शपथ घेतल्यानंतरच त्याला आत घेण्यात आले. अकरा वस्त्यांचे बावीस प्रतिनिधी आले होते, पण बसले वीसच. कॅप्टन जॉन मार्टिनच्या जमिनीच्या सनदेत त्याचा मळा वसाहतीच्या हुकमांपासून मुक्त ठेवणारे कलम होते. जो कायदे पाळण्यास बांधील नाही त्याच्या माणसांनी ते करावेत कसे, असा आक्षेप निघाला. मार्टिनने कलम सोडण्यास नकार दिला आणि त्याचे दोन्ही प्रतिनिधी परत गेले. सदस्यांची पात्रता सभेने स्वतः तपासण्याची ही प्रथा पहिल्याच दिवशी वापरली जावी, हे लक्षणीय आहे.

कंपनीने पाठविलेल्या आदेशांची छाननी दोन समित्यांनी केली. हेतू आदेशांना आव्हान देण्याचा नसून वसाहतीच्या परिस्थितीशी न जुळणाऱ्या बाबींविषयी विनंती करण्याचा आहे, असे नमूद करण्यात आले. विनवणीची भाषा आणि तपासणीचा हक्क यांची ही सांगड चतुर म्हटली पाहिजे. उत्तम तंबाखूचा भाव पौंडभर वजनाला तीन शिलिंग व दुय्यम प्रतीचा अठरा पेन्स ठरला. आळस, जुगार, दारूबाजी व भपकेबाज पोशाख यांना बंदी झाली. प्रत्येकाने सात वर्षे दरवर्षी सहा तुतीची झाडे लावावीत, असा नियम झाला. त्यामागे रेशीम उद्योगाची आशा होती. सभेने न्यायदानही केले. दुभाषी हेन्री स्पेलमन याने पोवहाटन या स्थानिक मूलनिवासी समूहाचा नेता ओपेचँकनो याच्यासमोर गव्हर्नरची अवहेलना केल्याबद्दल त्याची कॅप्टनकी काढून घेण्यात आली आणि सात वर्षे दुभाष्याची सेवा करण्याची शिक्षा झाली. कडक उन्हाळ्यात १ ऑगस्टला वॉल्टर शेली हा एक बर्जेस मरण पावला, आणि उष्मा व आजारपण यांमुळे ४ तारखेला काम आटोपते घ्यावे लागले. सभापती, लेखनिक आदींच्या मोबदल्यासाठी सोळा वर्षांवरील प्रत्येक पुरुषावर एक पौंड तंबाखूची पट्टी बसविण्यात आली.

निवडणूक कशी झाली, याविषयी साधने त्रोटक आहेत. मतदान मुक्त पुरुषांपुरते होते, असे सामान्यतः मानले जाते. स्त्रिया व मूलनिवासी यांना त्यात स्थान नव्हते. सभेनंतर काही आठवड्यांतच, ऑगस्टच्या अखेरीस, वीसहून थोडे अधिक आफ्रिकी बंदिवान पॉइंट कम्फर्ट येथे आणले गेले. त्यांच्या वंशजांना गुलामीत बांधणारे कायदे पुढे याच सभेने केले. १६७० मध्ये मताधिकार जमीन-घर असणाऱ्यांपुरता संकुचित करण्यात आला.

२२ मार्च १६२२ च्या पोवहाटन हल्ल्यात ३४७ वसाहतकरी मारले गेले आणि १६२४ मध्ये न्यायालयाने कंपनीची सनद रद्द केली. त्याच वर्षी सभेने, आपल्या संमतीवाचून गव्हर्नरने कर लादू नये, असा ठराव केला होता. राजसत्तेखाली सभेला काही वर्षे स्पष्ट अधिकार नव्हता. बैठका मात्र मधूनमधून होत राहिल्या आणि १६३९ च्या राजाच्या सूचनांनी त्यांना मान्यता मिळाली.

व्हर्जिनिया कंपनीचा १६१९ पर्यंतचा प्रमुख सर टॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही पहिला गव्हर्नर होता; तरीही सुरतेच्या वखारीत अशी सभा उद्भवली नाही. तेथे कंपनीचे पगारी नोकर राहत, येथे जमिनीचे मालक झालेले रहिवासी. बर्म्यूडात १६२० मध्ये सभा भरली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेत आलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांपैकी ४१ पुरुषांनी केलेला करार वेगळ्या जातीचा आहे : सनदेने दिलेल्या हद्दीबाहेर पोहोचल्यामुळे तो आपसांत करावा लागला. जेम्सटाउनच्या सभेचा मुख्य आधार पोरीने लंडनला धाडलेला वृत्तान्त हाच आहे. तो तेथील सरकारी दप्तरात पडून होता आणि एकोणिसाव्या शतकात छापला गेला.