लॅम्डाला टाइप मिळतो कुठून?

नागपुरात इंजिनिअरिंगची मुलं प्लेसमेंटच्या तयारीला लागली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "लॅम्डा आले, आता जावाही पायथनसारखीच. टाइपची भानगड नाही." हे साफ चूक आहे. मार्च २०१४ मध्ये जावा ८ ने लॅम्डा, म्हणजे जागेवरच लिहिलेली बिननावाची फंक्शनं, आणली, पण टाइपची, म्हणजे कोणती किंमत कोणत्या प्रकारची आहे याची, तपासणी तसूभरही सैल केली नाही.

कळमना बाजारातल्या संत्र्यांची यादी घ्या आणि तिच्या फिल्टरला हा लॅम्डा द्या:

सं -> सं.वजन > १५०

'सं' म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. पण यादी संत्र्यांची आहे. फिल्टरला हवा असतो प्रेडिकेट, म्हणजे संत्रं घेऊन हो किंवा नाही सांगणारी एकच अमूर्त मेथड (नुसतं नाव, आतला कोड नाही) असलेला इंटरफेस. कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्रासाठी भाषांतर करणारा प्रोग्रॅम, तिथून 'सं' चा टाइप उचलतो आणि मग बाणाच्या उजवीकडची बाजू खरंच हो-नाही देते का, ते तपासतो. जावात लॅम्डाला स्वतःचा टाइप नसतो, तो जागेवरून ठरतो. म्हणूनच हाच लॅम्डा २०१८ च्या जावा १० मधल्या 'व्हार' मध्ये (म्हणजे टाइप न लिहिता जाहीर केलेल्या व्हेरिएबलमध्ये) ठेवायला गेलात, तर कंपायलर अडतो. व्हार टाइप मागतो लॅम्डाकडे, लॅम्डा मागतो व्हारकडे.

हास्केल आणि एमएल (मशीन लर्निंग नव्हे, या नावाची प्रोग्रामिंग भाषा) घराण्यातल्या भाषा मात्र टाइप आतूनच काढतात, आणि ती रीत मला फार देखणी वाटते. रॉजर हिंडली यांनी १९६९ मध्ये आणि रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली. फ हे फंक्शन क्ष ला दोनदा लावणारा हा लॅम्डा पाहा:

फ -> क्ष -> फ(फ(क्ष))

फ चा टाइप अ माना, क्ष चा ब. फ(क्ष) लिहिलंय, म्हणजे फ हे फंक्शनच. त्याचं उत्तर क टाइपचं धरू: अ = ब → क, म्हणजे ब घेऊन क देणारं फंक्शन. ते उत्तर पुन्हा फ लाच दिलंय आणि फ तर ब घेतो. म्हणून क = ब. आता अ = ब → ब, आणि अख्ख्या लॅम्डाचा टाइप (ब → ब) → ब → ब. ब च्या जागी अंक, अक्षरं, संत्री, काहीही चालेल.

दहावीतली एकसामयिक समीकरणं सोडवावीत, तसंच हे काम आहे. हल्ली प्रत्येक हुशारीला 'एआय' म्हणायची टूम निघाली आहे, पण इथे अंदाज कुठेच नाही. समीकरणं सुटली तर टाइप मिळतो, नाही तर एरर. क्ष -> क्ष(क्ष) लिहून बघा. अ = अ → ब असं समीकरण येतं, म्हणजे अ च्या पोटात पुन्हा अ, त्याच्या पोटात आणखी अ. हे कधीच संपत नाही, म्हणून हास्केलचा कंपायलर ती ओळ तिथेच नाकारतो.