सुपरडोम निवारा, न्यू ऑर्लिन्स (२००५)

कॅटरिना चक्रीवादळाच्या वेळी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, लुइझियाना सुपरडोम या छत असलेल्या प्रचंड स्टेडियममध्ये उघडलेला तात्पुरता आसरा. २८ ऑगस्ट २००५ रोजी त्याची दारे सर्वांसाठी उघडली. पहिल्या रात्री तिथे १०,००० च्या आसपास माणसे होती. शहरात पाणी चढल्यावर हा आकडा २० ते २५ हजारांवर गेला. वीज, पाणी आणि संडास बंद पडलेल्या त्या इमारतीत पुष्कळांना चार-पाच दिवस काढावे लागले. जवळच्याच कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आणखी हजारो लोक त्याहून वाईट अवस्थेत अडकले होते. आपत्तीनंतरच्या सामूहिक निवाऱ्यांची चर्चा निघाली की या दोन जागांचा दाखला हमखास दिला जातो. त्या आठवड्यात जगभर बातमी गेली ती गुंडगिरीची. लोकांचे हाल मात्र केले ते तुंबलेल्या संडासांनी, उकाड्याने, औषधांच्या टंचाईने आणि बस कधी येणार हे कोणालाच सांगता न आल्याने.

पार्श्वभूमी

न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. एका बाजूला मिसिसिपी नदी, दुसरीकडे पाँचरट्रेन सरोवर, आणि मध्ये बांध, कालवे व उपसा पंपांच्या भरवशावर उभे असलेले शहर. मोठे वादळ आले तर शहर सोडून जाणे हाच एक उपाय, हे सर्वांना ठाऊक होते. जुलै २००४ मध्ये ‘हरिकेन पॅम’ नावाच्या काल्पनिक वादळावर सरकारी यंत्रणांनी एकत्र बसून सराव केला होता, त्यातही शहर बुडणार आणि हजारो लोक मागे राहणार असेच निष्पन्न झाले होते. पण घरात गाडी असलेल्यांनाच शहर सोडणे सोपे. इथल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकाकडे गाडी नव्हती. त्यात महिनाअखेर: पगार किंवा सरकारी मदतीचा धनादेश यायला तीन-चार दिवस बाकी होते. पेट्रोल आणि मोटेलचे भाडे कुठून द्यायचे? महापौर रे नेगिन यांनी सक्तीने शहर सोडण्याचा आदेश काढला तो रविवारी, २८ तारखेला सकाळी. वादळ किनाऱ्याला धडकायला तेव्हा चोवीस तासही उरले नव्हते.

सुपरडोमची निवड आयत्या वेळी झाली नव्हती. १९७५ मध्ये खुल्या झालेल्या, सुमारे ७०,००० प्रेक्षकांच्या या स्टेडियमचा वापर १९९८ मध्ये ‘जॉर्जेस’ आणि २००४ मध्ये ‘आयव्हन’ या वादळांच्या वेळीही झाला होता. कागदोपत्री त्याला निवारा केंद्र म्हटलेलेच नव्हते. ते होते ‘शेवटचा आसरा’. निवारा केंद्र म्हटले की कॉट, ब्लँकेट, स्वयंपाक, नोंदणी, परिचारिका हे सारे आले. शेवटचा आसरा म्हणजे वाऱ्याचा जोर ओसरेपर्यंत डोक्यावर छप्पर, बस्स. काही दिवसांचे खाणेपिणे आणि पांघरूण ज्याचे त्याने आणायचे. अमेरिकन रेड क्रॉसने तर शहर पुरात सापडण्याच्या भीतीने १९९० च्या दशकापासूनच न्यू ऑर्लिन्समध्ये वादळी निवारे चालवणे बंद केले होते. म्हणजे रेड क्रॉसला जी जागा धोक्याची वाटत होती, तिथेच जाण्यास शहर आपल्या सर्वांत गरीब रहिवाशांना सांगत होते. जॉर्जेसच्या वेळी दीड-दोन दिवसांत लोक घरी परतले होते, तसेच आताही होईल, हा हिशेब सगळ्या तयारीच्या मुळाशी होता.

डोममधील स्थिती

रविवारी दुपारपासून पावसात लांबच लांब रांगा लागल्या. नॅशनल गार्डचे (राज्याच्या राखीव लष्करी दलाचे) जवान प्रत्येकाची पिशवी उघडून शस्त्रे, दारू आणि अमली पदार्थ काढून घेत होते, त्यामुळे रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. म्हातारी माणसे, कडेवर पोरे, हातात उश्या आणि पाण्याचे डबे. कुत्र्या-मांजरांना आत मज्जाव होता. जवानांची संख्या साधारण साडेपाचशे. तयार जेवणाची लष्करी पाकिटे आणि बाटलीबंद पाणी १५,००० लोकांना तीन दिवस पुरेल इतके होते.

सोमवारी, २९ ऑगस्टला पहाटे वीज गेली. त्यानंतर आपत्कालीन जनरेटरवर फक्त मिणमिणते दिवे लागले. वातानुकूलन कायमचे बंद. काही वेळाने वाऱ्याने छताचे आवरण सोलून काढले, दोन ठिकाणी भोके पडली आणि मैदानावर पाऊस पडू लागला. तिथे पथाऱ्या पसरलेले लोक खुर्च्यांकडे पळाले. छत कोसळले नाही, ही त्या इमारतीची जमेची बाजू. वारा तिने सोसला.

खरी परीक्षा पुढे होती. कालव्यांचे बांध फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि मंगळवारपर्यंत डोमभोवतीही पाणी साचले. घरांच्या छतांवरून सोडवून आणलेली माणसे होड्यांनी, हेलिकॉप्टरने, नाहीतर छातीभर पाण्यातून चालत येऊ लागली. जॅक्सन बॅरेक्स हे नॅशनल गार्डचे मुख्यालयही बुडाले, आणि मदतकार्य चालवणारे जवान स्वतःच डोमच्या आश्रयाला आले. जनरेटरच्या खोलीकडे पाणी सरकत होते. इमारतीच्या कर्मचाऱ्यांनी वाळूच्या पोत्यांची भिंत रचली, आणि तेलाची नेहमीची नळी पाण्यात गेल्यावर भिंतीला भोक पाडून टँकरमधून नवी नळी आत घेतली. तो जनरेटर बंद पडला असता तर हजारो माणसे गच्च काळोखात सापडली असती. या घटनेवरच्या लिखाणात त्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख अगदीच त्रोटक येतो, हे बरे नव्हे.

संडासांचे काय झाले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. स्टेडियममध्ये संडास-मुताऱ्यांची उणीव नसते. हजारो प्रेक्षक मध्यंतरात एकदम उठतात हे धरूनच ते बांधलेले असतात. पण तो हिशेब तीन-चार तासांचा, आणि नळाला दाब असेल तरच खरा. वीज गेल्याने पंप थांबले, पाठोपाठ शहराचा पाणीपुरवठाही कोलमडला. फ्लश बंद, भांडी तुंबली, मैला फरशीवर आला. मग लोकांनी जिने, कोपरे, अंधारे बोळ वापरायला सुरुवात केली. चपला घसरतील इतक्या फरश्या ओल्या आणि चिकट झाल्या. बाहेर पारा ३२-३३ अंशांच्या घरात, आत हवा हलत नव्हती, आणि ओल्या कपड्यांतल्या हजारो माणसांना अंघोळ नाही. दुर्गंधी इतकी की जवान तोंडाला मास्क बांधून फिरत. पुष्कळांनी बाहेरच्या उंच कट्ट्यावर, उन्हातच बसणे पसंत केले.

मदतकार्यात सर्वत्र मानल्या जाणाऱ्या स्फिअर निकषांप्रमाणे निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक संडास असावा. डोममध्ये जागा मुबलक होती. पिण्यापुरते पाणी बाटल्यांतून मिळत होते आणि अन्नाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहिले तर पाकीटही मिळे. उपासमार अशी झाली नाही. हात धुण्याचे, मैला वाहून नेण्याचे, बाळाचे ढुंगण पुसण्याचे पाणीच नव्हते. लंगोट आणि बाळाच्या दुधाची भुकटी यांची टंचाई होती. मधुमेही, डायलिसिसवरचे रुग्ण, रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिलेले वृद्ध यांचे हाल सर्वांत वाईट. गंभीर रुग्णांना शेजारच्या छोट्या क्रीडागारात हलवून डॉक्टरांनी तिथे दवाखाना चालवला.

या सगळ्यावर कडी होती माहितीच्या अंधाराची. ध्वनिक्षेपक बंद, मोबाइल बंद. बस येणार असे मंगळवारी कळले, बुधवार गेला. आपले घर आहे की वाहून गेले, भाऊ कुठल्या छतावर आहे, काही पत्ता नाही.

अफवा

अशा जागी अफवा पिकणारच. डोममध्ये शेकडो खून झाले, लहान मुलांवर बलात्कार झाले, तळघरात प्रेतांचा ढीग आहे, असे आत बोलले जाऊ लागले. महापौर नेगिन आणि पोलीसप्रमुख एडी कॉम्पस यांनी तेच दूरचित्रवाणीवर सांगितले, आणि ती जगाची बातमी झाली. डोम रिकामा झाल्यावर प्रेते न्यायला शीतकक्षाचा मोठा ट्रक आणला गेला. आणणाऱ्यांना २०० मृतदेहांची अपेक्षा होती. मिळाले सहा. चौघे नैसर्गिक कारणांनी गेले होते, एकाचा मृत्यू अमली पदार्थाच्या अतिसेवनाने झाला होता आणि एकाने वरून उडी टाकली होती. डोमच्या आत खून झाल्याचे सिद्ध झाले नाही. एका जवानाच्या पायाला गोळी लागली, ती अंधारातल्या झटापटीत त्याच्याच बंदुकीतून सुटलेली होती. चोऱ्या, मारामाऱ्या, दादागिरी झाली. अंधारात एकट्या बायकांना वाटणारी भीतीही खोटी नव्हती. पण वीस हजारांवर माणसे अशा अवस्थेत कोंडली असता जे घडले, ते पाहता बहुतेकांनी दाखवलेला संयमच नवलाचा वाटतो.

अफवांची किंमत मात्र याच लोकांनी मोजली. हेलिकॉप्टरवर गोळीबार झाल्याच्या, कधीच शाबीत न झालेल्या बातमीने रुग्णांना हलवण्याचे काम खोळंबले. मदत पथके सशस्त्र संरक्षणाशिवाय आत शिरेनात. अडकलेले बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि गरीब होते. त्यांच्याविषयी काहीही सांगितले तरी खपते, हा या प्रकरणाचा कटू भाग आहे. सप्टेंबरअखेरीस वृत्तपत्रांनी एकेक दावा तपासून खोडून काढला. त्याच सुमारास कॉम्पस यांनी राजीनामा दिला.

कन्व्हेन्शन सेंटर

नदीकाठचे अर्नेस्ट मोरियल कन्व्हेन्शन सेंटर हे ठरलेले निवारा केंद्र नव्हतेच. डोम भरला तेव्हा लोकांना तिकडे पिटाळण्यात आले, काही आपणहून गेले. तिथे ना अन्न, ना पाणी, ना जवान, ना डॉक्टर. १५ ते २० हजार माणसे मंगळवारपासून तिथे होती. केंद्रीय आपत्ती संस्था ‘फेमा’चे प्रमुख मायकेल ब्राउन यांनी मात्र गुरुवारी, १ सप्टेंबरला, आपल्याला हे आजच कळल्याचे दूरचित्रवाणीवर सांगितले. प्रेक्षक तोवर दोन दिवस ती गर्दी घरबसल्या पाहत होते. चाकाच्या खुर्चीत मरण पावलेल्या एका वृद्धेचा, चादर टाकून भिंतीशी ठेवलेला देह त्या छायाचित्रांत दिसतो. त्याच सुमारास पूल ओलांडून पलीकडच्या ग्रेट्ना गावाकडे चालत निघालेल्या लोकांना तिथल्या पोलिसांनी बंदुका दाखवून परत फिरवले. शुक्रवारी दुपारी नॅशनल गार्डचे सुमारे हजार जवान पूर्ण तयारीनिशी सेंटरमध्ये शिरले. लढाई वगैरे काही झाली नाही. अर्ध्या तासात सर्व ताब्यात आले आणि अन्नवाटप सुरू झाले. तिथे चार मृतदेह सापडले, त्यांतला एक मृत्यू खुनाचा असावा असे मानले गेले.

ह्यूस्टनकडे

डोममधील लोकांना सुमारे ५५० किलोमीटरवरच्या ह्यूस्टन शहरातील ॲस्ट्रोडोममध्ये, म्हणजे आणखी एका स्टेडियममध्ये, बसने नेण्यात आले. पहिली पोहोचलेली गाडी सरकारी ताफ्यातली नव्हतीच: न्यू ऑर्लिन्समधल्या एका तरुणाने बेवारस उभी असलेली स्कूलबस ताब्यात घेऊन, वाटेत दिसतील त्यांना बसवून ती ह्यूस्टनला आणली होती. ‘तुम्ही सुपरडोममधले नाही’ म्हणून दारावर त्यांना आधी अडवले गेले. घाईत कुटुंबे फुटली, कोणती बस कुठे जाणार हे चढणाऱ्याला ठाऊक नसे. हरवलेली किंवा पालकांपासून दुरावलेली म्हणून नोंदवलेली मुले ५,१९२ होती. शेवटच्या मुलाचा शोध मार्च २००६ मध्ये लागला.

ॲस्ट्रोडोम आणि त्याच्या परिसरात दिवे, पाणी, शॉवर, कॉट, दवाखाना, स्वयंसेवक हे सारे होते. स्वतंत्र पिनकोडही देण्यात आला. तरीही एका छताखाली हजारो माणसे म्हटल्यावर साथ आलीच: नोरोव्हायरसमुळे उलट्या-जुलाबांचे हजारभर रुग्ण निघाले. आजाऱ्यांसाठी वेगळी जागा, हात स्वच्छ करण्याची सोय आणि सतत साफसफाई यांमुळे साथ आटोक्यात आली. ‘ही माणसे तशीही गरिबीतली, तेव्हा त्यांचे इथे बरेच चालले आहे’ अशा अर्थाचे माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांचे उद्गार याच ठिकाणचे.

नंतरचे बदल

२००६ मध्ये अमेरिकी संसदेने आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा सुधारला. पाळीव प्राण्यांनाही स्थलांतराच्या आराखड्यात धरावे, असा वेगळा कायदा त्याच वर्षी झाला; कुत्रा सोडून यायला तयार नसल्याने कितीतरी लोक बुडत्या घरात मागे राहिले होते. २००८ मध्ये ‘गुस्ताव्ह’ वादळाच्या वेळी शहराने सुपरडोम उघडला नाही. गाडी नसलेल्यांना बस आणि रेल्वेने बाहेर नेले गेले. २०२० मध्ये ‘लॉरा’ वादळानंतर, कोविडच्या भीतीने, लेक चार्ल्स भागातल्या हजारो लोकांना सामूहिक निवाऱ्याऐवजी न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलांत ठेवण्यात आले.

ऑगस्ट २०२१ मध्ये, ‘आयडा’च्या वेळी, याच लुइझियाना राज्यातल्या सात वृद्धाश्रमांनी आपल्या ८०० हून अधिक रहिवाशांना इंडिपेंडन्स या गावातल्या एका गोदामात नेऊन ठेवले. जमिनीवर गाद्या, तुंबलेले संडास, अपुरे कर्मचारी. काही दिवसांत राज्याच्या आरोग्य खात्याने गोदाम रिकामे केले. सात वृद्ध दगावले. वृद्धाश्रमांचे परवाने रद्द झाले आणि त्यांच्या मालकावर फौजदारी खटला दाखल झाला.