बेथलेहेम स्टील फुटबॉल क्लब

बेथलेहेम स्टील हा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या बेथलेहेम शहरातला व्यावसायिक फुटबॉल संघ. पोलाद कारखान्याच्या या संघाने 1914 ते 1929 या काळात देशातली जवळजवळ प्रत्येक मोठी स्पर्धा जिंकली आणि 1930 मध्ये तो बंद झाला. अमेरिकेत फुटबॉल परदेशी पैशावर आणि 1970 च्या दशकात आणलेल्या वयस्क नामवंत खेळाडूंवर रुजला, असा एक समज आहे. बेथलेहेमचा इतिहास वाचल्यावर तो टिकत नाही. पेले न्यूयॉर्कला यायच्या अर्धशतक आधी इथे पगारी खेळाडू होते, युरोपचा दौरा झाला होता आणि स्कॉटलंडच्या क्लबांना आपले खेळाडू हातचे जातील अशी धास्ती वाटत होती.

बेथलेहेम हे लीहाय नदीकाठचे शहर मोराव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी 1741 मध्ये वसवले. पुढे नदीच्या दक्षिण काठावर लोखंडाचा आणि मग पोलादाचा कारखाना वाढला. युनायटेड स्टेट्स स्टीलचे पहिले अध्यक्ष राहिलेले चार्ल्स श्वाब यांनी 1904 मध्ये बेथलेहेम स्टील कॉर्पोरेशन उभे केले, आणि काही वर्षांतच ती देशातली दुसऱ्या क्रमांकाची पोलाद कंपनी झाली. पहिल्या महायुद्धात ब्रिटन आणि फ्रान्सच्या तोफा व तोफगोळ्यांच्या मागण्यांनी कंपनीकडे पैशाचा ओघ लागला. संघाची भरभराट नेमकी याच वर्षांतली आहे.

बेथलेहेम फुटबॉल क्लब या नावाने संघ 1907 पासून खेळत होता. कारखान्यात कामाला आलेल्या ब्रिटिश कामगारांनी हा खेळ आपल्याबरोबर आणला होता. 1914 च्या सुमारास कंपनीने संघ उघडपणे आपल्या पंखाखाली घेतला आणि तो बेथलेहेम स्टील झाला. कंपनीने मैदान दिले, बसायला स्टँड बांधला आणि मुख्य म्हणजे खेळाडूंना कारखान्यात नोकऱ्या दिल्या. स्कॉटलंडहून येणाऱ्या खेळाडूला खेळाचे पैसे मिळत आणि शिवाय बारमाही पगाराची नोकरी. त्या काळच्या दुसऱ्या अमेरिकन क्लबांना असे काही देणे परवडणारे नव्हते. कंपनीतले बडे अधिकारी एच. एडगर लुईस यांनी संघाची बाजू शेवटपर्यंत लावून धरली. स्पर्धेसाठी चषक देण्यापर्यंत त्यांचा या खेळाशी संबंध होता. लुईस चषक त्यांच्याच नावाचा.

1915 मध्ये नॅशनल चॅलेंज चषक या देशपातळीवरच्या स्पर्धेच्या दुसऱ्याच वर्षी बेथलेहेमने अंतिम सामन्यात ब्रुकलिन सेल्टिकला 3–1 असे हरवले. सामना लीहाय विद्यापीठाच्या मैदानावर, म्हणजे घरच्याच गावात झाला. तेव्हापासून 1919 पर्यंत सलग पाच वर्षे हा संघ अंतिम सामन्यात होता आणि त्यांतले चार त्याने जिंकले. या काळातला खरा वैरी मॅसॅच्युसेट्सच्या कापड गिरण्यांच्या गावातला फॉल रिव्हर रोव्हर्स. 1916 चा अंतिम सामना बेथलेहेमच्या टॉमस मरे याने पेनल्टीवर केलेल्या एकाच गोलने निकाली लागला, आणि संतापलेले फॉल रिव्हरचे प्रेक्षक मैदानात घुसून दंगा करू लागले. पुढच्या वर्षी रोव्हर्सने 1–0 ने उट्टे काढले. 1918 मध्ये पहिला सामना 2–2 असा बरोबरीत सुटला. पुन्हा खेळवला तेव्हा बेथलेहेमने 3–0 ने जिंकला. देशातला जुना अमेरिकन कप 1914 ला मिळालाच होता. 1916 ते 1919 अशी चार वर्षे तो सलग त्यांच्याकडेच राहिला आणि त्यांतल्या तीन वर्षी दोन्ही चषक एकाच वेळी बेथलेहेममध्ये होते.

1919 च्या उन्हाळ्यात संघाने स्वीडन आणि डेन्मार्कचा दौरा केला. अमेरिकन व्यावसायिक संघाने युरोपात जाऊन खेळण्याची ही पहिली वेळ मानतात. 14 सामन्यांत फक्त 2 पराभव झाले. महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते, हे लक्षात घेतले तर हे केवळ जाणे-येणेसुद्धा मोठे काम होते.

एवढे यश असूनही एक गोष्ट संघाला कधीच साधली नाही. बेथलेहेममध्ये गर्दी जमत नसे. फॉल रिव्हरसारख्या गिरणगावात हजारो लोक सामन्याला लोटत, आणि देशातला सर्वांत बलाढ्य संघ मात्र आपल्या गावात तुरळक प्रेक्षकांसमोर खेळे. तिकिटांच्या पैशात खर्च निघण्याची शक्यता नव्हती. तूट कंपनी भरून काढत होती. या इतिहासाची किल्ली मला इथेच दिसते. संघ गावकऱ्यांच्या वर्गणीवर किंवा तिकिटांवर उभा असता तर एवढ्या लवकर शिखरावर गेला नसता, आणि कंपनीच्या एका निर्णयाने संपलाही नसता.

1921 मध्ये अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली तेव्हा याच कारणासाठी संघ फिलाडेल्फियाला हलवण्यात आला. मोठ्या शहरात प्रेक्षक मिळतील ही आशा होती. फिलाडेल्फिया फुटबॉल क्लब या नावाने खेळून त्याने लीगचे पहिलेच विजेतेपद मिळवले. पण मैदान तिथेही भरेना. 1922 मध्ये संघ पुन्हा बेथलेहेमला परतला.

नंतरच्या काळात संघाकडे आलेले खेळाडू असामान्य होते. ॲलेक जॅक्सन हा कोवळ्या वयाचा स्कॉटिश खेळाडू 1923–24 च्या हंगामात भाऊ वॉल्टर याच्यासह बेथलेहेमकडून खेळला. सुट्टीला म्हणून मायदेशी गेला आणि तिथे ॲबर्डीन क्लबशी करार करून बसला. बेथलेहेमने तक्रार केली, पण तो आला नाही. त्याच जॅक्सनने 1928 मध्ये वेम्बली मैदानावर इंग्लंडविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली आणि स्कॉटलंडने तो सामना 5–1 ने जिंकला.

मात्र संघाचे नाव ज्याच्यामुळे आजही निघते तो आर्ची स्टार्क. ग्लासगोत 1897 मध्ये जन्मलेला आणि लहानपणीच न्यू जर्सीत आलेला हा आघाडीपटू 1924 मध्ये बेथलेहेमकडे आला. 1924–25 च्या पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये 67 गोल केले. तीन वर्षांनी एव्हर्टनच्या डिक्सी डीनने इंग्लिश लीगमध्ये केलेल्या 60 गोलांचा विक्रम जगभर सांगितला जातो. स्टार्कचा आकडा अमेरिकेतही फार थोड्यांना ठाऊक आहे. इतके गोल करूनही त्या वर्षी विजेतेपद फॉल रिव्हर मार्क्समेनला गेले आणि बेथलेहेम दुसरे राहिले. नोव्हेंबर 1925 मध्ये स्टार्कने अमेरिकेकडून कॅनडाविरुद्ध एकाच सामन्यात अनेक गोल केले. पुढच्या एप्रिलमध्ये ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात बेथलेहेमने सेंट लुईसच्या बेन मिलर्सचा 7–2 असा धुव्वा उडवला. त्यात 3 गोल स्टार्कचे होते. 1926–27 चे लीग विजेतेपदही आले.

मग 1928 साली लीग आणि राष्ट्रीय फुटबॉल संघटना यांच्यात ‘सॉकर वॉर’ या नावाने ओळखला जाणारा संघर्ष पेटला. चॅलेंज चषकाचे सामने ऐन लीगच्या हंगामात येतात, म्हणून त्यात कोणी खेळू नये, असे लीगने आपल्या क्लबांना बजावले. बेथलेहेम, न्यूयॉर्क जायंट्स आणि नेवार्क स्कीटर्स यांनी हा आदेश मोडला. लीगने तिघांना काढून टाकले. संघटनेने उलट लीगलाच निलंबित केले आणि बहिष्कृत क्लबांसाठी ईस्टर्न सॉकर लीग उभी राहिली. बेथलेहेमने 1928–29 मध्ये तीही जिंकली. पण प्रेक्षक आता दोन लीगांत विभागले गेले आणि दोन्हीकडे पैसा आटू लागला. ऑक्टोबर 1929 मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. त्याच महिन्यात वॉल स्ट्रीटचा शेअर बाजार कोसळला.

पोलादाची मागणी घसरल्यावर तोट्यातला संघ पोसणे कंपनीने थांबवले. 1930 च्या वसंतातला हंगाम शेवटचा ठरला. त्याच वर्षी उरुग्वेत पहिला विश्वचषक झाला आणि अमेरिकेने उपांत्य फेरी गाठली. नुकताच मोटारींचा व्यवसाय सुरू केल्यामुळे स्टार्कने त्या संघाबरोबर जाण्यास नकार दिला होता. त्याच्या गोलांमुळे काय झाले असते, हा प्रश्न मनात येतोच.

बेथलेहेममधले पोलाद उत्पादन 1995 मध्ये थांबले आणि 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. झोतभट्ट्या जतन केल्या असून त्यांच्या पायथ्याशी आता संगीताचे कार्यक्रम होतात. संघाचे मैदान स्टील फील्ड या नावाने मोराव्हियन विद्यापीठाचे खेळाडू वापरतात. फिलाडेल्फिया युनियनने आपल्या दुय्यम संघाला 2016 ते 2019 या काळात बेथलेहेम स्टील हे नाव दिले होते. जुन्या चॅलेंज चषकाची स्पर्धा यूएस ओपन कप या नावाने सुरू आहे. ती सर्वाधिक 5 वेळा जिंकण्याच्या बेथलेहेमच्या विक्रमाशी बरोबरी आजवर फक्त मकाबी लॉस एंजेलिसने केली आहे.